मुंबईत चित्रप्रदर्शनं पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः काळा घोडा परिसर आणि भायखळा इथल्या संग्रहालयांबद्दल आहे. खाली 'एनजीएमए' म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, 'जहांगीर' म्हणजे जहांगीर कलादालन, 'वस्तुसंग्रहालय' म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) आणि 'भाऊ दाजी' म्हणजे राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. कायमस्वरूपी संग्रह पुढच्या वर्षीही जागेवरच असतो. तात्पुरतं प्रदर्शन मात्र उतरलं की उतरलं, म्हणून इथली बहुतेक उत्तरं तात्पुरत्या प्रदर्शनांसाठी आहेत.

कोणत्या दिवशी गेलं तर सगळं उघडं सापडेल?

गुरुवार, शुक्रवार किंवा शनिवार. एनजीएमए सोमवारी बंद असतं. भाऊ दाजी बुधवारी बंद असतं, आणि राणीबागही त्याच दिवशी बंद. खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद असतात, काही सोमवारीही. वस्तुसंग्रहालय राष्ट्रीय सुट्ट्यांसारखे मोजके दिवस सोडले तर रोज उघडं असतं. जहांगीरही रोज उघडं असतं, पण तिथे मंगळवारची वेगळीच अडचण आहे (पुढचा प्रश्न पाहा).

या तिघांत गुरुवार-शुक्रवार उत्तम. शनिवारी दुपारनंतर गर्दी वाढते. रविवारी जाणार असाल तर रेल्वेचा मेगाब्लॉक आधी पाहून घ्या.

जहांगीरला मंगळवारी का जाऊ नये?

तिथली प्रदर्शनं साधारणपणे मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. सोमवारी संध्याकाळी जुनी चित्रं उतरतात आणि नवीन कलावंत आपली चित्रं घेऊन येतो. मंगळवारी सकाळी गेलात तर शिडी लावलेली असते, दिव्यांची तोंडं फिरवणं चालू असतं, अर्धी चित्रं भिंतीला टेकून उभी असतात. नावाच्या पट्ट्या सगळ्यांत शेवटी लागतात. उद्घाटन बहुधा मंगळवारी संध्याकाळी असतं. कलावंताला, त्याच्या मित्रमंडळींना भेटायचं असेल तर ती वेळ चांगली. चित्रं पाहायची असतील तर मात्र नाही, कारण सगळे चित्रांकडे पाठ करून गप्पा मारत उभे असतात.

बुधवार ते शनिवार दुपारी बारा ते चार ही तिथली खरी वेळ. दालन शांत असतं आणि कलावंत स्वतः बसलेला असतो. शेवटच्या सोमवारी जायचंच असेल तर दुपारी तीनच्या आत पोचा. पाचनंतर आवराआवर सुरू झालेली असू शकते.

सध्या काय लागलंय, हे कुठे कळतं?

प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर आणि इन्स्टाग्रामवर. सरकारी संस्थांची संकेतस्थळं उशिरा बदलतात, इन्स्टाग्राम लवकर बदलतं. दोन्हींत फरक दिसला तर सकाळी अकरानंतर फोन करून विचारा. मराठी वर्तमानपत्रांच्या मुंबई पुरवण्यांतही चालू प्रदर्शनांच्या नोंदी येतात.

कुठेही वाचलंत तरी तीन गोष्टी पाहा : शेवटची तारीख, वर्ष आणि कोणतं दालन किंवा मजला. वर्षाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. गूगलवर एखाद्या चित्रकाराचं नाव टाकलं की दोन-तीन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनाची बातमी वर येते. तारीख 'फेब्रुवारी' असते, महिनाही फेब्रुवारीच चालू असतो, आणि माणूस कल्याणहून निघून तिथे पोचल्यावर दुसरंच काही लागलेलं असतं.

दुसरी फसगत होते दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात. एनजीएमएसारख्या ठिकाणी एकच मोठं प्रदर्शन सगळे मजले व्यापतं. ते उतरून दुसरं लागेपर्यंत काही मजले, कधी अख्खी इमारतच, पाहण्यासारखी नसते. म्हणून 'संग्रहालय उघडं आहे का?' असं विचारू नका. 'आज कोणतं प्रदर्शन चालू आहे आणि सगळे मजले खुले आहेत का?' असं विचारा.

कसं पोचायचं?

वस्तुसंग्रहालय, जहांगीर आणि एनजीएमए एकमेकांपासून पाच मिनिटांच्या आत आहेत. पहिली दोन एकमेकांच्या शेजारी, आणि तिसरं महात्मा गांधी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, रिगल सिनेमाच्या चौकाजवळ. चर्चगेटहून ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेने चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकावरून यायला वीस-पंचवीस. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून हुतात्मा चौक स्थानक सगळ्यांत सोयीचं. अंधेरी, वांद्रे, दादरकडून येणाऱ्यांनी तेच धरावं. गाडी आणू नका. पार्किंग शोधण्यात एक अख्खं प्रदर्शन पाहून होईल एवढा वेळ जातो.

भाऊ दाजीसाठी भायखळा स्थानक, पूर्वेकडे उतरायचं. राणीबागेचं प्रवेशद्वार चालत दहा मिनिटांवर आहे.

तिकीट किती? आधी काढावं लागतं का?

जहांगीरला आणि खासगी गॅलऱ्यांना तिकीट नाही. एनजीएमएचा दर भारतीयांसाठी २० रुपये आणि भाऊ दाजीचा मोठ्यांसाठी १० रुपये असा बरीच वर्षं राहिला आहे. वस्तुसंग्रहालयाचं तिकीट या सगळ्यांत महाग आणि ते अधूनमधून वाढतं, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. तिथे विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते. ओळखपत्र मूळ न्या, कारण फोनमधला फोटो मानला जाईलच असं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचं आर्ट हाऊस २०२३ साली सुरू झालं. तिथे जाण्याआधी प्रवेशाची वेळ ऑनलाइन पाहून ठेवणं बरं.

तिकीट खिडकी संग्रहालय बंद होण्याच्या अर्धा तास आधी बंद होते असं धरून चाला. वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा, जहांगीर अकरा ते सात. बाकी ठिकाणी सकाळी दहा-अकरा ते संध्याकाळी साडेपाच-सहा.

परदेशात राहतो. तिकीट परदेशी पर्यटकाचं घ्यावं लागेल का?

भारतीय पासपोर्ट असेल तर भारतीय दर. ओसीआय कार्डधारकांनाही (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) राष्ट्रीय स्मारकं आणि संग्रहालयांत भारतीय दरानेच प्रवेश आहे. कार्ड सोबत असलं पाहिजे. एनजीएमएत परदेशी पाहुण्याचं तिकीट कित्येक पट जास्त असतं, त्यामुळे कार्ड घरी विसरलं तर फरक जाणवेल एवढा पडतो.

एका दिवसात किती पाहून होतं?

एक मोठं आणि एक छोटं, किंवा फार तर दोन मोठी. दीड-दोन तास उभं राहून पाहिल्यावर डोळे आणि पाय दोन्ही थकतात, आणि त्यानंतर पाहिलेलं लक्षात राहत नाही. चारही ठिकाणं एका दिवसात उरकायचा बेत करणारे लोक शेवटच्या दोन ठिकाणी फक्त चालत असतात.

आमचा सुचवलेला क्रम असा : सव्वादहाला वस्तुसंग्रहालयात शिरा आणि थेट तात्पुरत्या प्रदर्शनाकडे जा, कायमचा संग्रह नंतर. साडेबाराला बाहेर पडून जेवा. दोन वाजता जहांगीरची दालनं, तासभर. साडेतीनला एनजीएमए, पण ते सुद्धा दम असेल तरच. एनजीएमएत एखाद्या चित्रकाराचं सिंहावलोकनी (आजवरच्या सगळ्या कामाचा आढावा घेणारं) प्रदर्शन असेल तर क्रम उलटा करा आणि सकाळचे ताजे डोळे तिथे वापरा.

एनजीएमएत वर-खाली करताना गोंधळ होतो. सुरुवात कुठून करायची?

ही इमारत मुळात सर कावसजी जहांगीर सभागृह. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेली, १९११ सालची. इथे सभा आणि मैफली होत. आतली जागा बदलून १९९६ साली ती कलासंग्रहालय म्हणून खुली झाली. सभागृहाच्या पोकळीत अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढवले आहेत, आणि सगळ्यांत वर घुमटाखालचं दालन. त्यामुळे चौकोनी खोल्यांची सवय असलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे चटकन उमगत नाही.

पहिल्यांदा प्रवेशाजवळचा मोठा मजकूर वाचा आणि पहारेकऱ्याला विचारा, 'सुरुवात खालून की वरून?' बहुतेक प्रदर्शनं खालून वर चढतात आणि घुमटाखाली संपतात. पण क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शनाची मांडणी ठरवणाऱ्याने, क्रम बदललेला असू शकतो. चित्रकाराची वाढ वर्षांनुसार लावली असेल आणि तुम्ही उलट्या दिशेने पाहिलंत, तर उत्तरार्ध आधी आणि विद्यार्थिदशा शेवटी, असं होतं.

वळणदार भिंतींमुळे आणखी एक अडचण येते : काही मजल्यांवर मागे सरकायला जागा कमी असते. सहा फुटी कॅनव्हास चार फुटांवरून पाहावा लागतो. अशा वेळी अर्धवर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिरकं पाहा, किंवा वरच्या मजल्यावरून खाली पाहायला मिळतंय का ते बघा. मोठं चित्र एकदा तरी पूर्ण नजरेत आलं पाहिजे.

२०१९ साली इथे चित्रकार प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. त्यात चित्रांबरोबर त्यांच्या वह्या-टिपणंही मांडली होती. अशा प्रदर्शनात काचेच्या पेटीतले कागद घाईत ओलांडले जातात. तसं करू नका. चित्रात आलेलं घड्याळ किंवा पान आधी कागदावर कसं उमटलं होतं, हे त्या पेट्यांतच सापडतं. बरवे कॅनव्हासवर इनॅमल रंग वापरत. त्याची सपाट, चकाकती त्वचा छापील पुस्तकात अजिबात येत नाही. समोर उभं राहिल्यावरच ती कळते.

वस्तुसंग्रहालयात तिकीट काढून फिरलो, पण ज्यासाठी गेलो ते प्रदर्शन सापडलंच नाही. असं का होतं?

कारण तात्पुरत्या प्रदर्शनांची जागा एकच नाही. तळमजल्यावर, वरच्या मजल्यांवर आणि पूर्वेकडच्या भागात अशी वेगवेगळी दालनं त्यासाठी वापरली जातात. मधल्या घुमटाखालून लोक मूर्तिदालनाकडे वळतात आणि प्रवाहाबरोबर पुढे जातात. तिकीट घेतानाच दालनाचं नाव आणि मजला विचारून घ्या.

आधुनिक भारतीय चित्रकलेची आवड असेल तर पूर्वेकडच्या भागात दुसऱ्या मजल्यावरचं जहांगीर निकल्सन आर्ट फाउंडेशनचं दालन चुकवू नका. निकल्सन (१९१५–२००१) यांनी गोळा केलेल्या संग्रहातून तिथे वेगवेगळ्या विषयांवर प्रदर्शनं लावली जातात. हे दालन २०११ पासून आहे, आणि तरीही संग्रहालयात येणारे कितीतरी लोक तिथवर पोचत नाहीत. याची आम्हांला खरंच हळहळ वाटते. दालन रिकामं असतं, चित्रं पहिल्या प्रतीची असतात, आणि बसायला जागाही मिळते.

भाऊ दाजीत समकालीन कला कुठे असते? आम्हांला तर मातीची छोटी माणसं आणि नकाशेच दिसले.

ती माणसं आणि नकाशे हा कायमचा संग्रह. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं संग्रहालय. गोव्यात जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजींचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता, आणि १९७५ साली त्यांचं नाव संग्रहालयाला दिलं गेलं. इमारतीची दुरुस्ती करून ते २००८ साली नव्याने उघडलं. तेव्हापासून इथे एक वेगळी पद्धत रुजली : समकालीन कलावंताने जुन्या संग्रहाला उत्तर म्हणून काम करायचं. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल डोडिया यांची प्रदर्शनं इथे अशी झाली. नवीन काम कधी जुन्या कपाटांच्या मधोमध, कधी मागच्या अंगणालगतच्या खोल्यांत असतं. म्हणून ते जुन्याचाच भाग समजून लोक पुढे जातात. प्रवेशाशी नकाशा मागा आणि मागच्या बाजूला जायला विसरू नका. शनिवार-रविवारी मराठी-हिंदीतून माहिती देत फिरवून आणतात का आणि किती वाजता, हे खिडकीवर विचारा.

दालनात एवढा अंधार का ठेवतात? चित्र नीट दिसतच नाही.

कागदावरची चित्रं, लघुचित्रं, कापड, जुनी छायाचित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात. तैलरंगाला २०० लक्सपर्यंत चालतो. घरातल्या दिवाणखान्यापेक्षाही ५० लक्स बराच कमी. उजेडाने रंग उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. आज झालेलं नुकसान आणि दहा वर्षांपूर्वी झालेलं नुकसान यांची बेरीज होत जाते. म्हणूनच लघुचित्रं काही महिने लावून पुन्हा अंधाऱ्या कपाटात जातात, आणि मागच्या खेपेला पाहिलेलं चित्र या खेपेला जागेवर नसतं.

उपाय सोपा आहे. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना जुळवून घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पहिल्या खोलीतला प्रस्तावनेचा मजकूर वाचण्यात घालवा. मग लघुचित्रासमोर जाऊन काचेपासून वीतभर अंतरावर थांबा आणि थोडं खाली वाका. बसोहली या पहाडी लघुचित्रशैलीच्या काही चित्रांत दागिन्यांतल्या पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखाचा बारीक तुकडा चिकटवलेला असतो. सरळ उभं राहिलं तर तो काळपट दिसतो. डोकं चार बोटं खाली नेलं की हिरवा चमकतो. सोन्याचं कामही असंच, तिरप्या नजरेलाच उजळतं.

चित्राशेजारच्या पट्टीवर काय काय वाचायचं?

नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, आणि शेवटची ओळ. आकारात पहिला आकडा उंचीचा, दुसरा रुंदीचा. तिसरा असेल तर खोलीचा. फोनवर फोटो पाहून चित्र मोठं वाटतं आणि समोर गेल्यावर ते वहीच्या पानाएवढं निघतं, ते हा आकडा न वाचल्याने. छापचित्र असेल तर खालच्या कडेला पेन्सिलीने ४/१५ असं काही लिहिलेलं असतं : पंधरा प्रतींपैकी चौथी.

शेवटची ओळ सगळ्यांत कामाची. तिथे चित्र कोणाकडून आलंय ते असतं. 'संग्रहालयाचा संग्रह' असेल तर ते पुन्हा कधीतरी भिंतीवर येईल. 'खासगी संग्रह' असेल तर प्रदर्शन संपल्यावर ते कोणाच्या तरी घरी जाईल आणि तुम्हांला पुन्हा दिसेल याची खात्री नाही. वेळ कमी असेल तेव्हा खासगी संग्रहातली चित्रं आधी पाहा.

अमूर्त चित्रं कळत नाहीत. काय करावं?

'हे काय आहे?' हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून 'हे कसं केलंय?' असं विचारा. उत्तर चित्रातच असतं.

वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. ते ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. रंग लावत, खरवडत, वर पुन्हा पातळ थर देत. त्यांच्या कॅनव्हाससमोर आधी दहा फुटांवर उभे राहा. रंगाचं एकच धुकट क्षेत्र दिसेल. मग तीन फुटांवर या. आता थरांच्या कडा दिसू लागतात. कुठे खालचा रंग वर डोकावतो, कुठे रोलर उचलल्याची रेघ राहिली आहे. मग बाजूला सरकून कडेने पाहा, म्हणजे दिव्याचा उजेड पृष्ठभागावर तिरपा पडलेला दिसेल आणि जाड-पातळ कळेल. शेवटी पुन्हा दहा फुटांवर. आता तेच क्षेत्र आधीसारखं सपाट राहत नाही. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. दहा चित्रांना एकेक मिनिट देण्यापेक्षा एका चित्राला दहा मिनिटं द्या, असंच आम्ही सांगू.

जहांगीरमध्ये तर कलावंत समोरच असतो. 'याचा अर्थ काय?' विचारलं की तो अवघडतो. 'हा पोत कसा आणलात?' विचारलं की खुर्ची ओढून सांगायला बसतो.

फोटो काढता येतात का?

दालनागणिक नियम वेगळा. फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक बहुधा कुठेच चालत नाही. वस्तुसंग्रहालयात फोटोसाठी वेगळं शुल्क असू शकतं. उसन्या आणलेल्या चित्रांचे फोटो काढू नयेत अशी मालकाची अट असते, तेव्हा त्या एका चित्राजवळच कॅमेऱ्यावर फुलीची खूण दिसेल. जहांगीरमध्ये समोर बसलेल्या कलावंताला विचारून काढा.

काचेत स्वतःचंच प्रतिबिंब येत असेल तर गडद कपडे घाला आणि किंचित बाजूला उभे राहा. फोटोनंतर लगेच पट्टीचाही फोटो घ्या. नाहीतर महिन्याभराने फोनमध्ये निनावी चित्रांचा ढीग उरतो.

पिशवी, छत्री, पाणी?

मोठी पिशवी प्रवेशाशी जमा करावी लागते. पाकीट, फोन आणि चष्मा आधीच काढून घ्या. पाठीवरची सॅक आत नेऊ दिली तरी ती पुढे लटकवा. वळताना मागच्या चित्राला धक्का लागण्याचं ते नेहमीचं कारण. दुसरं कारण बोटाने दाखवणं : 'हे बघ' म्हणताना बोट कॅनव्हासला लागतंच. तिसरं, फोटोसाठी मागे-मागे सरकत शिल्पाच्या चौथऱ्यावर जाऊन आदळणं. हाताच्या घामातलं मीठ आणि तेल ब्राँझवर कायमचा डाग पाडतं, म्हणून धातूच्या शिल्पालाही हात नको.

पावसाळ्यात ओली छत्री बाहेरच ठेवायची. मुंबईच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते. आत ओलावा जितका कमी तितकं बरं. वातानुकूलित दालनांत थंडी वाजते, म्हणून ओढणी किंवा शाल असू द्या. पाणी आत नाही, व्हरांड्यात प्या.

लहान मुलांना न्यावं का?

जरूर. पण पाऊण तासच. पूर्ण प्रदर्शन दाखवायचा हट्ट धरू नका. एकेका खोलीत 'यातलं घरी न्यायला कोणतं निवडशील आणि का?' एवढंच विचारा. छोटी वही आणि पेन्सिल द्या. पेन किंवा रंग आत चालत नाहीत, कारण शाई उडाली तर पुसता येत नाही. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचं स्वतंत्र संग्रहालय आहे, ते शेवटी ठेवा.

वयस्कर माणसांना झेपेल का?

वस्तुसंग्रहालय सगळ्यांत सोयीचं. व्हीलचेअर आणि लिफ्टची सोय प्रवेशाशीच विचारा. एनजीएमएत चढ-उतार बराच आहे, तेव्हा लिफ्ट चालू आहे का हे आधी फोन करून विचारा. जहांगीरची मुख्य दालनं खालीच आहेत. टेरेस दालनासाठी मात्र वर जावं लागतं. तिथे बहुधा छायाचित्रं असतात.

खासगी गॅलरीत विकत घ्यायचं नसलं तरी जाता येतं?

येतं, आणि जावंच. कुलाबा-फोर्टमधल्या बऱ्याच गॅलऱ्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावर असतात. पाटी छोटी असते, दार बंद असतं आणि बेल वाजवावी लागते. दार बंद म्हणजे गॅलरी बंद, असं समजून परत फिरू नका. आत कोणी 'घेणार का?' विचारत नाही. टेबलावरचा माहितीचा कागद मागून घ्या. १९६३ साली सुरू झालेली केमोल्ड गॅलरी पूर्वी जहांगीरच्याच इमारतीत होती. आता ती प्रेस्कॉट रोडवर आहे. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकएंड असतो, तेव्हा एका फेरीत पाच-सहा गॅलऱ्या सहज होतात.

वर्षातला कोणता काळ चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. महत्त्वाची प्रदर्शनं याच काळात लागतात. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सव असतो (१९९९ पासून). तेव्हा रस्त्यावरची मांडणशिल्पं पाहायला मजा येते, पण जहांगीरमध्ये शिरायला रांग लागते. शांतपणे पाहायचं असेल तर महोत्सवाचे दोन्ही शनिवार-रविवार टाळा.

जहांगीरमध्ये एखादं चित्र आवडलं. घ्यायची पद्धत काय?

दरपत्रक कलावंताजवळ असतं, मागायला संकोचू नका. पट्टीवर लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय. ठरल्यावर काही रक्कम आगाऊ द्या आणि पावती घ्या. पावतीवर शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार आणि कलावंताची सही हवी. अस्सलपणाचं प्रमाणपत्र वेगळं मागा. चित्र लगेच मिळत नाही. ते प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतं आणि सोमवारी संध्याकाळी न्यायचं असतं.

बाहेरगावी न्यायचं तर फ्रेममधून काढून गुंडाळावं लागेल. ॲक्रिलिक गुंडाळता येतं, जाड थराचं तैलचित्र नको, तडे जातात. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची आणि नळी जितकी जाड तितकी बरी. आधी गुळगुळीत बटर पेपर, त्यावर बबल रॅप, आणि फुगे चित्राच्या विरुद्ध बाजूला. फुगे रंगाकडे राहिले तर उन्हाळ्यात त्यांचे गोल ठसे उमटतात, आणि ते जात नाहीत.

जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांकडेही पाहा. तिथे व्यक्तिचित्र समोर बसून काढून मिळतं. किंमत बसण्याआधी ठरवा.

घेतलेलं चित्र परदेशी नेता येतं का?

हयात कलावंताचं नवीन काम नेता येतं. पावती आणि प्रमाणपत्र सामानात नव्हे, हातात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती १९७२ च्या कायद्याने बाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा आहेत. त्यांनाही वयाचा हिशेब न करता बंदी आहे.

मुंबईला येणंच जमत नाही. काही पर्याय?

वस्तुसंग्रहालयाची फिरत्या संग्रहालयाची बस २०१५ पासून शाळांत आणि गावोगावी जाते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा संस्थेने लेखी विनंती करावी आणि बस उभी राहील एवढी सपाट जागा आधी पाहून ठेवावी. सातारा जिल्ह्यात असाल तर औंधचं श्रीभवानी संग्रहालय गाठा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेल्या या संग्रहात रविवर्मा आहेत आणि हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्पही आहे. संग्रहालय डोंगरावर, यमाईदेवीच्या देवळाच्या वाटेत आहे. साप्ताहिक सुट्टीचा दिवस निघण्यापूर्वी विचारून घ्या.